आधी ताळा करून घ्या

गेल्या अंकात 'फायनान्समध्ये करिअर करायचंय? विचारा' असं छोटं आवाहन छापलं होतं. पत्रं ढीगभर आली. त्यातली पाच इथे घेतली आहेत, नावं मुद्दाम गाळली आहेत. नव्या वाचकांसाठी माझ्याबद्दल एवढंच : 1990 साली बी.कॉम. झाल्या झाल्या मी फोर्टातल्या एका शेअर दलालाच्या ऑफिसात चिकटले, पुढे म्युच्युअल फंडाच्या ऑपरेशन्समध्ये गेले आणि तिथूनच निवृत्त झाले. जे सांगते ते त्या टेबलांवर शिकलेलं.

प्रश्न : ताई, मी डोंबिवलीला राहतो, टी.वाय.बी.कॉम.ला आहे. आतापर्यंत 62 टक्क्यांच्या आसपास आहे. अंधेरीतल्या एका संस्थेत सहा महिन्यांचा 'इन्व्हेस्टमेंट बँकिंग'चा कोर्स आहे. फी 1 लाख 40 हजार. शंभर टक्के प्लेसमेंट देतो म्हणतात. या शनिवारपर्यंत भरले तर 20 हजार सूट आहे. बाबा एफ.डी. मोडायला तयार आहेत. भरू का?

उत्तर : भरू नकोस. या शनिवारी तर नकोच. शिकवायला बसलेल्या माणसाला शनिवारची घाई नसते, ती विकायला बसलेल्याला असते.

आधी त्यांच्याकडून कराराचा कागद मागून घे आणि घरी आणून वाच. तोंडी 'प्लेसमेंट' म्हणतात, कागदावर बहुतेक वेळा 'प्लेसमेंट असिस्टन्स' लिहिलेलं असतं. म्हणजे मुलाखतीला पाठवू, पुढचं तुझं तू बघ. किती मुलाखती देणार, कुठल्या कामासाठी, नोकरी नाही लागली तर पैसे परत मिळणार का, आणि 'हजेरी 90 टक्क्यांच्या खाली गेली तर हमी रद्द' असं एखादं कलम मागच्या पानावर आहे का, हे सगळं पेन हातात घेऊन बघ. गेल्या वर्षी लागलेल्या दोन मुलांशी फोनवर बोलायला माग. द्यायला कां कूं केलं, की समजून जा.

आता मुद्द्याचं. इन्व्हेस्टमेंट बँकिंग म्हणजे कंपनीचा आय.पी.ओ. आणणं (तिचे शेअर पहिल्यांदा लोकांना विकणं), दोन कंपन्यांचं विलीनीकरण जमवणं, भांडवल उभं करून देणं. सेबी, म्हणजे शेअर बाजारावर देखरेख ठेवणारी संस्था, तिच्याकडे नोंदलेल्या मर्चंट बँकरचं हे काम. तिथे बहुतेक सी.ए. आणि मोठ्या संस्थांतले एम.बी.ए. घेतात. अशा कोर्समधून मुलं लागतात ती मोठ्या परदेशी बँकांच्या ऑपरेशन्समध्ये : गोरेगाव, मालाड, पवई, ऐरोली. सौद्यांची सेटलमेंट (शेअर आणि पैशांची देवाणघेवाण पुरी करणं), रिकन्सिलिएशन (दोन नोंदी जुळवणं), बोनस-डिव्हिडंडच्या नोंदी, के.वाय.सी. ही कामं अजिबात कमी प्रतीची नाहीत, माझं सगळं आयुष्य त्यातच गेलं. राग येतो तो एका कामाचं नाव दुसऱ्याला लावून मुलांना दीड लाखाला विकलं जातं त्याचा. बी.कॉम. झालेल्या मुलांना या कंपन्या थेट घेतात. कित्येक कॉलेजांत कॅम्पसला येतात. तुझ्या कॉलेजच्या प्लेसमेंट सेलचं दार तू अजून ठोठावलंस की नाही, ते पत्रात नाही.

हे काम कसं असतं ते सांगते, म्हणजे तुला झेपेल की नाही ते तूच ठरवशील. मी लागले तेव्हा शेअर कागदाचे होते. शेअर सर्टिफिकेटला ट्रान्सफर डीड, म्हणजे शेअर दुसऱ्याच्या नावावर करायचा कागद, टाचलेलं असायचं. माझ्या टेबलावर रोज असा गठ्ठा येई. डीडवरचा फोलिओ नंबर, सर्टिफिकेटचा नंबर, शेअरचे अनुक्रमांक कुठून कुठपर्यंत, विकणाऱ्याची सही, मुद्रांकाची तिकिटं, हे सगळं एकेक करून जुळवायचं. एका आकड्यावर खाडाखोड झाली किंवा सही नमुन्याशी जुळली नाही, की कागद परत. त्याला 'बॅड डिलिव्हरी' म्हणत. एकदा 'अनुक्रमांक जुळतात' असं समजून मी शंभर शेअरचा एक लॉट पुढे सरकवला, आणि तो दोन महिन्यांनी परत आला. तोवर भाव कुठल्या कुठे गेला होता, फरक शेठना भरावा लागला. शेठ काही बोलले नाहीत. आमचे मेहताजी (ऑफिसातले हिशेबनीस) मात्र संध्याकाळी सगळे गेल्यावर मला घेऊन बसले आणि गठ्ठा पुन्हा पहिल्यापासून तपासायला लावला. शेवटची डोंबिवली फास्ट गेली तरी उठू दिलं नाही.

त्यांनीच शिकवलेली एक गोष्ट तुला देते. समज, एका यादीत 4,250 शेअर आहेत आणि दुसरीत 4,520. फरक 270. दोन बेरजांत फरक आला की तो आधी नवाने भागून बघायचा. निःशेष भाग गेला, तर बहुतेक वेळा कुणीतरी लिहिताना दोन आकडे उलटसुलट केलेले असतात. 270 भागिले 9 म्हणजे 30, भाग गेला. शोधायला बसायचं ते उलट्या पडलेल्या आकड्यांपाशी. आपण शाळेत गुणाकाराचा ताळा नवानेच करत होतो ना, तेच हे. एक्सेल आलं, कागद गेले. 1996 मध्ये शेअर संगणकात नोंदून ठेवणारी एन.एस.डी.एल. सुरू झाली, कागदाऐवजी डीमॅट आलं आणि काही वर्षांत माझं ते टेबलच नाहीसं झालं. मुंबई शेअर बाजारातल्या 'अ' गटातल्या, म्हणजे जास्त उलाढालीच्या, शेअर्सचे सौदे कागदांच्या त्या काळात पंधरवड्याच्या वलनाने (हिशेब पुरा करायच्या मुदतीने) सुटत, आणि 27 जानेवारी 2023 पासून आज विकलेल्या सगळ्या शेअर्सचे सौदे उद्या सुटतात. चूक शोधायला तेव्हा पंधरा दिवस मिळत, आता एक रात्र. नवाने भागायची सवय मात्र मी निवृत्त होईपर्यंत रोज वापरली.

तुला करता येईल असं सांगते. एन.आय.एस.एम. ही सेबीने 2006 साली काढलेली संस्था. तिची सिरीज सात ही परीक्षा, 'सिक्युरिटीज ऑपरेशन्स अँड रिस्क मॅनेजमेंट', दे. प्रमाणपत्र तीन वर्षं चालतं आणि फी तुझ्या त्या कोर्सच्या मानाने काहीच नाही. दुसरं, दोन्ही एक्स्चेंज, बी.एस.ई. आणि एन.एस.ई., रोज संध्याकाळी त्या दिवसाच्या भावांची फाइल फुकट देतात, तिला भावकॉपी म्हणतात. दोन्हीकडची एकाच दिवसाची उतरवून घे. प्रत्येक शेअरला बारा अक्षरांचा ओळख क्रमांक, आय.एस.आय.एन., असतो, त्यावरून एक्सेलमध्ये दोन्ही याद्या जुळव. कुठले शेअर एकीकडे आहेत आणि दुसरीकडे नाहीत, कुठे बंद भावात मोठा फरक आहे, त्याची यादी काढ. सलग पंधरा दिवस कर. मुलाखतीत 'एक्सेल येतं का' विचारतील तेव्हा 'येतं' म्हणू नकोस, लॅपटॉप उघडून ही फाइल दाखव. मी मुलाखती घ्यायचे तेव्हा असा एखादा मुलगा आला असता, तर त्याला लगेच घेतलं असतं.

आणि हो, शिफ्ट विचारायला विसरू नकोस. अमेरिकेच्या बाजाराचं काम असेल तर रात्री मालाडहून डोंबिवलीला घरपोच गाडी आहे की नाही, हे पगाराइतकंच महत्त्वाचं. बाबांना म्हणावं, एफ.डी. राहू द्या.

प्रश्न : मॅडम, वय 19, लालबाग. गेल्या महिन्यात ऑप्शन्समध्ये 11 हजार कमावले. कॉलेज सोडून पूर्णवेळ ट्रेडिंग करायचं ठरवतोय. घरी अजून बोललेलो नाही.

उत्तर : बाळा, कॉलेज सोडू नकोस आणि घरी आज रात्रीच सांग.

सेबीने सप्टेंबर 2024 मध्ये जो अभ्यास जाहीर केला, त्यात तीन आर्थिक वर्षांत फ्युचर्स-ऑप्शन्समध्ये, म्हणजे शेअरच्या पुढच्या भावावरच्या सौद्यांत, उतरलेल्या एक कोटीहून जास्त सामान्य गुंतवणूकदारांपैकी 93 टक्के तोट्यात होते. एकूण तोटा 1 लाख 80 हजार कोटींच्या वर. एका महिन्याचे 11 हजार ही त्या हिशेबातली एक ओळ झाली, पुढच्या ओळी अजून लिहायच्यात. 1992 च्या उन्हाळ्यात मी तिथेच होते. त्याआधीच्या काही महिन्यांत दलाल स्ट्रीटच्या गल्लीत चहा देणारी पोरंसुद्धा शेअरचे भाव सांगत. हर्षद मेहताचा घोटाळा उघडकीला आला आणि महिन्याभरात त्याच गल्लीत माणसं भिंतीला टेकून नुसती उभी असलेली मी पाहिली आहेत. मला ते चेहरे अजून आठवतात.

बाजाराची खरंच ओढ असेल तर पदवी घेऊन ब्रोकरकडे डीलर म्हणून लाग. त्यासाठी एन.आय.एस.एम.ची सिरीज आठ आहे. तिथे ग्राहकाच्या ऑर्डरी टाकायच्या असतात, मर्यादा ठरलेल्या असतात आणि चूक झाली की वरचा माणूस लगेच थांबवतो. त्या शिस्तीत दोन वर्षं काढ, मग ट्रेडिंगबद्दल मला पुन्हा लिही.

प्रश्न : सप्रेम नमस्कार. आम्ही परळला राहतो. मुलगी सी.ए. फायनलच्या दुसऱ्या ग्रुपला दोनदा बसली, दोन्ही वेळा राहिली. या वेळी अप्रत्यक्ष करात 41, प्रत्यक्ष करात 44 आणि तिसऱ्या पेपरला 58 मिळाले. आर्टिकलशिप (सी.ए.च्या हाताखालची उमेदवारी) कधीच झाली. नातेवाईक म्हणतात आता लग्नाचं बघा. ती खोलीतून बाहेर येत नाही. आम्ही काय करावं?

उत्तर : वहिनी, पहिल्यांदा ती मार्कशीट घेऊन तिच्या शेजारी बसा आणि तिच्यासमोर बेरीज करा. एक्केचाळीस, चव्वेचाळीस, अठ्ठावन्न : एकशे त्रेचाळीस. पास व्हायला प्रत्येक पेपरला 40 आणि ग्रुपला 300 पैकी 150 लागतात. चाळिशीच्या खाली एकही पेपर नाही. मुलगी सात गुणांनी राहिली. घरात 'दोनदा नापास' हा शब्द फिरतो आहे ना, त्याच्या जागी 'सात गुण' हा शब्द येऊ द्या. दोन्ही खरेच आहेत, पण दुसऱ्यावर काम करता येतं.

तिसरा पेपर, ज्यात पुस्तकं उघडी ठेवून केस सोडवायच्या असतात, त्यात तिला 58 आहेत. तिथे 60 मिळाले असते तर पुढच्या ठरावीक परीक्षांसाठी त्या पेपरला सूट मिळाली असती. म्हणजे मुलीला विषय समजतो, विचार करता येतो. अडतंय ते दोन्ही करांच्या पेपरांत. आणि तिथे अडणाऱ्या मुलांच्या बाबतीत मी नेहमी एकच गोष्ट विचारते : नोट्स कुठल्या वर्षाच्या? करांचा अभ्यास दर वर्षी बदलतो. शिवाय 2025 साली नवा आयकर कायदा मंजूर झाला, तो 1 एप्रिल 2026 पासून लागू. तिच्या पुढच्या परीक्षेला नेमका कुठला कायदा आणि कुठल्या तारखेपर्यंतचे बदल धरायचे, ते इन्स्टिट्यूटच्या सूचनेत असतं. ते छापून टेबलासमोर भिंतीवर लावायला सांगा, आणि मैत्रिणीच्या जुन्या नोट्स रद्दीत घाला. उत्तरपत्रिकेची प्रतही इन्स्टिट्यूटकडून मागवता येते. मागवा. उत्तर माहीत असून कलम न लिहिल्यामुळे किती गुण गेले, ते लाल पेनाशेजारी दिसतं.

आता फायनल वर्षातून तीनदा होते, म्हणजे पुढची संधी काही महिन्यांवर आहे. तिने स्वतः दोन प्रयत्नांची मुदत कागदावर लिहावी, तारखांसह. ती मुदत तुम्ही किंवा मामा-काकांनी ठरवायची नाही. आणि नुसतं घरात बसून अभ्यास होत नाही, जीव कोंडतो. इंटर पास आणि आर्टिकलशिप पूर्ण, अशा उमेदवारांना मुंबईत काम मिळतं. जाहिरातींत 'सेमी क्वालिफाइड' असं लिहिलेलं असतं. जी.एस.टी.ची विवरणपत्रं भरणाऱ्या एखाद्या छोट्या फर्ममध्ये अर्धवेळ काम मिळालं तर सोन्याहून पिवळं. अप्रत्यक्ष कर पुस्तकात डोक्यात शिरत नाही, तो चार ग्राहकांचे इनपुट क्रेडिट (खरेदीवर भरलेल्या कराची वजावट) जुळवताना शिरतो.

लग्नाचं मी काही सांगणार नाही. तिला विचारा, आणि निकालाच्या आठवड्यात विचारू नका. खोलीतून बाहेर न येणं पंधरा दिवसांच्या पुढे गेलं, जेवणखाण सुटलं, तर मात्र डॉक्टरांकडे न्यायला एक दिवसही थांबू नका. परीक्षा नंतर.

प्रश्न : बी.एस्सी. गणित, दुसरं वर्ष, वसई. ॲक्च्युअरी व्हावं असं वाटतं, पण आमच्या ओळखीत कुणीच नाही. खरंच यात काही आहे का?

उत्तर : आहे, आणि गणित मनापासून आवडत असेल तर नक्की ये. विमा कंपनीने किती हप्ता घ्यायचा, उद्याच्या दाव्यांसाठी आज किती पैसा बाजूला ठेवायचा, हे ॲक्च्युअरी ठरवतो. तुझ्यासाठी सरळ दार : इन्स्टिट्यूट ऑफ ॲक्च्युअरीज ऑफ इंडियाची एसेट ही प्रवेश परीक्षा. पुढे पेपरांची लांब शिडी आहे, कित्येक वर्षं लागतात. पण सगळे पेपर संपेपर्यंत घरी बसायचं नसतं, सुरुवातीचे तीन-चार झाले की लोक नोकरीला लागून उरलेले देत राहतात. संख्याशास्त्र पक्कं कर आणि आर ही संगणकाची भाषा आत्तापासून शीक, परीक्षेतही लागते. ओळखीत कुणी नसण्याचं मनावर घेऊ नकोस. माझ्या ओळखीत तरी कोण होतं?

प्रश्न : मी ठाण्याला एका खासगी बँकेच्या शाखेत रिलेशनशिप मॅनेजर आहे. वय 33, एक मुलगी. रोज विम्याचं टार्गेट. दहा दिवसांपूर्वी एका 71 वर्षांच्या आजींची मुदत संपलेली एफ.डी. मी वार्षिक दीड लाख हप्त्याच्या पॉलिसीत वळवली. त्यांना वाटतंय, एकदाच भरायचे आहेत. झोप लागत नाही. नोकरी सोडून सी.एफ.ए. करावं असं वाटतं. वेळ गेलेली आहे का?

उत्तर : तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. अंक छापून यायची वाट न बघता तुम्हाला फोन केला, तो आजींसाठी. इथे पुन्हा लिहिते, कारण अशा आजी प्रत्येक शाखेत आहेत.

पॉलिसी हातात पडल्यापासून 30 दिवसांत ती परत करता येते. त्याला 'फ्री लूक' म्हणतात. पूर्वी ही मुदत 15 दिवसांची होती, 2024 पासून 30 झाली.  मुद्रांक शुल्क, वैद्यकीय तपासणीचा खर्च आणि तेवढ्या दिवसांच्या विमा संरक्षणाचे थोडे पैसे कापून बाकी परत येतात. आजींकडे स्वतः जा, त्यांच्या मुलाला किंवा सुनेला समोर बसवा, आणि 'दर वर्षी भरायचे आहेत' हे वाक्य त्यांना तोंडावर सांगा. मग त्या ठरवतील. तुमचं टार्गेट त्या महिन्यात पडेल. पडू द्या.

आता सी.एफ.ए., म्हणजे गुंतवणूक विश्लेषकांची आंतरराष्ट्रीय परीक्षा. तीन पातळ्या, फी डॉलरमध्ये, आणि चार्टर मिळायला परीक्षांखेरीज गुंतवणुकीच्या निर्णयांशी निगडित 4,000 तासांचा, किमान 36 महिन्यांचा अनुभव लागतो. विम्याच्या विक्रीचे तास त्यात धरले जातील या भरवशावर राहू नका. रिसर्चच्या जागा नरिमन पॉइंट, लोअर परळ आणि बी.के.सी.त एकवटलेल्या, आणि तिथे नव्याने येणारे तेवीस-चोवीस वर्षांचे. वेळ गेली असं मी म्हणणार नाही, पण मुलीची फी आणि घराचा हप्ता चालू असताना नोकरी सोडून या वाटेने जाऊ नका.

तुमच्या हातात जे आहे ते तुम्हाला दिसत नाहीये. आठ-नऊ वर्षं तुम्ही काउंटरच्या पलीकडच्या माणसाकडे बघितलंय. दुकानदार कर्ज मागतो तेव्हा तो फेडेल की नाही, हे ताळेबंदाइतकंच त्याच्या खात्यात रोज जमा होणाऱ्या रकमेवरून कळतं. ही नजर लागते ती क्रेडिटमध्ये, म्हणजे कर्ज द्यायचं की नाही ते ठरवणाऱ्या विभागात. बँकेच्या अंतर्गत बदल्यांच्या यादीत छोट्या उद्योगांच्या कर्जांची जागा निघते का बघा, वरिष्ठांशी बोला. जेएआयआयबी दिली नसेल तर द्या, मग सीएआयआयबी. इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ बँकिंग अँड फायनान्सच्या या परीक्षा नोकरी करता करता देता येतात. त्याच बँकेत जमलं नाही, तर सहकारी बँका आणि एन.बी.एफ.सी., म्हणजे बँक नसलेल्या कर्ज देणाऱ्या कंपन्या, आहेत. ठाणे-कल्याण पट्ट्यात लघुउद्योग कमी नाहीत, त्यांचे कागद वाचू शकणारी माणसं कमी आहेत. सरावासाठी वागळे इस्टेटमधल्या तुमच्या एखाद्या ग्राहकाला विचारून त्याच्या तीन वर्षांच्या बॅलन्स शीट घ्या. येणी वाढताहेत आणि विक्री तेवढीच आहे, असं कुठल्या वर्षी झालं ते शोधा, आणि त्याला जाऊन विचारा की त्या वर्षी काय झालं होतं. जे तो सांगेल त्यात तुम्हाला क्रेडिटचा निम्मा धडा मिळेल.

आजींचा अर्ज मात्र याच आठवड्यात. दोन प्रती काढा, पॉलिसी क्रमांक एकेक आकडा मोठ्याने वाचून जुळवा, आणि दुसऱ्या प्रतीवर तारखेसह शिक्का मारून ती आजींच्या हातात द्या.